लक्ष आणि पाळत

मराठीत मुलावर लक्ष ठेवतात आणि संशयितावर पाळत. लक्ष उघड असते. ज्याच्यावर ते असते त्याला ते जाणवते, कधी त्याचा काचही होतो. पाळत लपून ठेवावी लागते, कारण ती कळली की तिचा उपयोग संपतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या मोबाइलमध्ये आईवडिलांनी किती डोकावावे, या वादात हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. एकाच ॲपला आई लक्ष म्हणते आणि मुलगा पाळत.

पुण्याच्या सदाशिव पेठेत मुलांवर नजर असणे नवे नाही. वाड्याला आत-बाहेर जायला बहुधा एकच दिंडी दरवाजा असे. चौकात पाणी भरणाऱ्या, ओसरीवर पेपर वाचणाऱ्या कोणाच्या तरी नजरेखालून गेल्याशिवाय मूल रस्त्यावर पोचत नसे. पुढे घरात टेलिफोन आला, तो दिवाणखान्यात ठेवला गेला आणि पुष्कळ घरांत त्याच्या तबकडीला बारीकसे कुलूप लागले. वयात आलेल्या मुलीला फोन आला की खोलीतल्या बाकीच्यांची बोलणी आपोआप थांबत. टपालाने आलेले पाकीट आधी वडीलधाऱ्यांच्या हाती पडे. तेव्हा पूर्वीच्या मुलांना एकान्त होता आणि आताच्या मुलांचा तो हिरावला गेला, असे मांडणे इतिहासाला धरून नाही. फरक दुसरीकडे आहे. वाड्यातल्या मुलाला आपल्याकडे कोण बघते हे माहीत होते. त्यातून निसटण्याच्या जागाही माहीत होत्या. गच्ची, माळा, पर्वतीच्या पायऱ्या. बघणाऱ्यांनाही त्या माहीत होत्या आणि ते तिकडे काणाडोळा करत.

वाडे जाऊन इमारती आल्या, दिंडी दरवाजाच्या जागी पार्किंग आणि सीसीटीव्ही आला. ज्ञान प्रबोधिनी, न्यू इंग्लिश स्कूल, भावे हायस्कूल, स. प. महाविद्यालय ही सगळी मंडळी चालत जाण्याच्या अंतरावर असल्याने पेठेत किशोरवयीन मुलांची वर्दळ पूर्वीसारखीच आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, वर्ग मोबाइलवर भरू लागले आणि ज्या घरांत ‘दहावीनंतर बघू’ असे ठरले होते तिथेही सहावी-सातवीच्या मुलाच्या हाती फोन गेला. शाळा उघडल्यावर तो परत घेणे फारसे कोणाला जमले नाही. ग्रामीण भागापुरत्या असलेल्या ‘असर २०२४’ पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमांसाठी आणि ५७ टक्क्यांनी अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरल्याचे आढळले. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी एखाद्याला ब्लॉक कसे करायचे वा त्याची तक्रार कशी करायची हे ६२ टक्क्यांना येत होते, स्वतःचे खाते खासगी करणे ५५ टक्क्यांना. पेठेतले आकडे वेगळे असतील. प्रश्न तोच आहे.

पुढील संभाषण प्रातिनिधिक आहे. घर पेठेतल्या खजिना विहिरीजवळचे, वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीतले. आई बँकेत नोकरीला, तिचा धाकटा भाऊ वकील. थोरली मुलगी अकरावीत, मुलगा नववीत. मुलाच्या फोनवर आईने त्याच्या नकळत एक ॲप टाकले आहे आणि ते मामाला समजले आहे.

आई : तू दिवसभर अशिलांची भांडणं बघतोस. मी रात्री बारा वाजता दाराखालून येणारा उजेड बघते. तो कुणाशी बोलतो, हे मला कळायलाच हवं.

मामा : कळायला हवं, यावर वाद नाही ताई. पण तू जे टाकलंयस त्याचं चिन्हसुद्धा त्याच्या स्क्रीनवर दिसत नाही.

आई : दिसलं तर तो काढून टाकेल.

मामा : म्हणजे त्याला आवडणार नाही हे तुला आधीपासून माहीत होतं. आपल्या इमारतीच्या दारावर पाटी आहे, ‘आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात’. खाली सोसायटीची सही. पेठेतली पाटी उद्धट असेल, पण ती दारावर असते. तुझ्या या ॲपला पाटी नाही.

इथे साधनांमधला फरक पाहणे आवश्यक आहे. गूगलचे फॅमिली लिंक किंवा ॲपलचे स्क्रीन टाइम ही उघड साधने आहेत. किती वेळ, कोणते ॲप, रात्री फोन किती वाजता बंद, एवढे ती ठरवतात आणि आपल्यावर बंधन आहे हे मुलाला दिसते. इन्स्टाग्रामने किशोरांसाठीची वेगळी खाती भारतात फेब्रुवारी २०२५ मध्ये आणली. ती मुळातच खासगी असतात, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद राहतात, आणि सोळा वर्षांखालच्या मुलाला यात सूट हवी असेल तर पालकाची परवानगी लागते. देखरेख जोडलेल्या पालकाला गेल्या सात दिवसांत मुलाने कोणाशी संदेशांची देवाणघेवाण केली ते दिसते. संदेश वाचता येत नाहीत. वाड्यातल्या आजीला जेवढे दिसे, साधारण तेवढेच हे आहे: कोण आले, कोण गेले.

लपणारी ॲप निराळ्या जातीची. गूगलने ऑक्टोबर २०२० पासून आपल्या दुकानात गुप्त पाळत ठेवणाऱ्या ॲपना मज्जाव केला आणि पालकांसाठीच्या ॲपनाही सतत दिसणारी सूचना ठेवण्याची अट घातली. त्यामुळे लपणारे ॲप बाहेरून उतरवून घ्यावे लागते आणि त्यासाठी बहुधा फोनची सुरक्षा तपासणीच बंद करायला सांगितले जाते. मग संदेश, छायाचित्रे, ठिकाण, कधीकधी दाबलेली प्रत्येक कळ दूरच्या एखाद्या सर्व्हरवर जमा होऊ लागते. या व्यवसायातल्या ‘एमस्पाय’ या नावाजलेल्या ॲपकडची माहिती २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये चोरीला गेली. मूल सुरक्षित राहावे म्हणून गोळा केलेली माहिती तिऱ्हाइताच्या हाती पडण्याची ही वाट पालकाने स्वतः पैसे भरून उघडलेली असते.

आई : ती माहिती चोरीला जाऊ शकते हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण दत्तवाडीचं विसरलास का? इथून चालत जाण्याच्या अंतरावर घडलंय ते. त्या मुलाच्या फोनमध्ये काय चाललंय हे घरच्यांना आधी कळलं असतं तर?

आई सांगते ती घटना सप्टेंबर २०२२ च्या अखेरची. दत्तवाडीतल्या एकोणीस वर्षांच्या महाविद्यालयीन तरुणाने जीवन संपवले. समाजमाध्यमावर झालेल्या ओळखीतून त्याची छायाचित्रे पसरवण्याची धमकी देऊन त्याच्याकडून पैसे उकळले जात होते. पुणे पोलिसांचा तपास राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यातील गुरुगोठडी या गावापर्यंत पोचला आणि नोव्हेंबरमध्ये तिथून एकाला पकडण्यात आले. या गुन्ह्याची रीत ठरलेली आहे. मुलीच्या नावाचे खाते ओळख काढते, व्हिडिओ कॉल येतो, पडदा टिपला जातो आणि काही मिनिटांत त्या मुलाच्या नातेवाइकांची, मित्रांची यादी त्यालाच पाठवली जाते.

मामा : त्या यादीत पहिलं नाव कुणाचं असतं सांग.

आई : आईवडिलांचं.

मामा : तेच त्यांचं भांडवल. त्यांच्याकडे हत्यार नाही, टोळी दारात उभी नाही. ‘घरी कळेल’ एवढ्या दोन शब्दांवर हा धंदा चालतो. ज्या मुलाला घरी कळण्याची धास्ती जास्त, तो जास्त पैसे देतो आणि जास्त दिवस गप्प राहतो. चोरून फोन वाचणारी आई त्या धास्तीत भर घालते. तो मुलगा मध्यरात्री उठून तुझ्या खोलीचं दार वाजवेल का, हे महत्त्वाचं. ॲप ते दार वाजवत नाही.

आई : आणि नाहीच वाजवलं तर? पोरं बोलत नाहीत रे या वयात. ‘काही नाही’, ‘जाऊ दे ना’, एवढंच. न बोलणाऱ्याला बोलतं करण्यात वर्ष जाईल. पलीकडचा माणूस एका रात्रीत काम उरकतो.

मामा : खरं आहे. याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही.

आईची हरकत वजनदार आहे आणि संशोधनाने ती पूर्णपणे निकालात निघत नाही. स्वीडनमध्ये हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी २००० साली मांडलेल्या अभ्यासाने ‘पालकांची देखरेख’ या कल्पनेलाच हात घातला. तोवर असे समजले जाई की ज्या पालकांना मुलांची खडानखडा माहिती असते ते चौकस असतात, म्हणून त्यांची मुले कमी भरकटतात. या दोघांना आढळले ते असे, की पालकांना असलेली माहिती मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितलेली होती. विचारपूस आणि बंधने यांतून आलेला वाटा थोडा होता. पण जे मूल सांगतच नाही त्याचे काय करावे, याचे उत्तर या निष्कर्षात नाही. सांगणाऱ्या मुलांची घरे मुळातच वेगळी असू शकतात.

तातडीच्या वेळी उपयोगी पडतात त्या गोष्टी साध्या आहेत आणि त्या मुलाला आधीच माहीत असाव्या लागतात. पैसे द्यायचे नाहीत. संभाषण पुसायचे नाही, कारण तोच पुरावा असतो. सायबर गुन्ह्यांसाठी १९३०, मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि मन सैरभैर झाले तर टेलिमानसचा १४४१६, हे क्रमांक फोनमध्ये असावेत. अठरा वर्षांखालच्या मुलांची नग्न छायाचित्रे पसरू नयेत यासाठी २०२३ पासून ‘टेक इट डाउन’ ही सेवा आहे. तिच्याकडे छायाचित्र पाठवावे लागत नाही, फोनमध्येच तयार होणारा त्याचा अंकी ठसा तेवढा जातो.

भीतीच्या भरात कशावर नजर ठेवायची हेच चुकण्याचा धोकाही असतो, आणि महाराष्ट्राने तो २०१७ साली पाहिला आहे. त्या जुलैच्या शेवटी अंधेरीत चौदा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला आणि तो मुलांना जीव द्यायला लावतो म्हणून बोलले जाणाऱ्या ‘ब्लू व्हेल’ नावाच्या ऑनलाइन खेळाशी जोडला गेला. ऑगस्टमध्ये सोलापूरहून पुण्याकडे निघालेल्या चौदा वर्षांच्या एका मुलाला भिगवण येथे एसटीतून उतरवून घेण्यात आले. त्यालाही त्याच खेळाचे कारण लावले गेले. शाळांनी पत्रके काढली, घरोघरी फोन तपासले गेले. जानेवारी २०१८ मध्ये गृह राज्यमंत्री हंसराज अहीर यांनी लोकसभेत सांगितले, की चौकशीत यांपैकी कोणत्याही घटनेत त्या खेळाचा संबंध सिद्ध झालेला नाही.

आई : खेळ सापडला नाही, पण मुलं गेली हे खोटं नाही.

मामा : म्हणूनच म्हणतो. सगळे फोनमध्ये निळा देवमासा शोधत होते. मूल जेवतंय का, झोपतंय का, मित्र अचानक तुटलेत का, हे बघायला फोन उघडावा लागत नाही.

आई : आता लेकीचं सांग. तिचं लोकेशन मी बघते, तिला सांगून बघते. पेरूगेटचा प्रकार झाल्यापासून.

२७ जून २०२३ रोजी सकाळी, भर वर्दळीच्या वेळी, सदाशिव पेठेत पेरूगेटजवळ एका तरुणाने महाविद्यालयीन तरुणीवर कोयत्याने हल्ला केला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा लेशपाल जवळगे आणि त्याच्यासारखे आणखी तरुण मध्ये पडले म्हणून ती वाचली. एरवी अभ्यासिका, खानावळी आणि मोजूनमापून बोलणारी माणसे यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या पेठेत हे घडल्याने अनेक घरांत मुलींचे ‘लोकेशन शेअर’ कायमचे सुरू झाले.

मामा : तिला वाचवलं ते रस्त्यावरच्या माणसांनी. नकाशावरच्या ठिपक्याने नाही.

आई : ठिपका वाचवत नाही हे मलाही कळतं. पण पोचायचं कुठे हे तो सांगतो. शिवाय ती माझंही लोकेशन बघते. मी बँकेतून निघाले की नाही ते बघून कुकर लावते.

मामा : मग हे मला मान्य. यात तुम्ही दोघी एकमेकींना दिसता. पोराच्या ॲपमध्ये तो तुला दिसतो, तू त्याला दिसत नाहीस.

वाद कायद्याकडे वळला की दोन्ही बाजू आपापल्या सोयीचे कलम पुढे करतात. न्या. पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले.

आई : तो निकाल सरकारविरुद्ध आहे. आईविरुद्ध नाही.

आईचे म्हणणे कायद्याच्या अंगाने बरेचसे बरोबर आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो. बालकाची माहिती वापरण्याआधी कंपनीने पालकाची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, बालकांचा माग काढू नये, त्यांच्या वर्तनावर नजर ठेवू नये आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवू नयेत, असे त्याचे नववे कलम सांगते. मात्र घरगुती कारणासाठी व्यक्तीने केलेल्या वापराला हा कायदा लागू होत नाही. कंपनीला जे वर्ज्य आहे ते घरात वर्ज्य नाही. भारताने डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचा सोळावा अनुच्छेद मात्र मुलाच्या खासगीपणात मनमानी ढवळाढवळ नको असे म्हणतो, आणि त्या संहितेच्या समितीने २०२१ मध्ये डिजिटल जगाविषयी काढलेल्या टिप्पणीत पालकांची देखरेख प्रमाणात आणि मुलाच्या वाढत्या समजेनुसार असावी असे नोंदवले आहे. चौदाव्या वर्षी जेवढे बघितले तेवढेच सतराव्या वर्षी बघणे या कसोटीला उतरत नाही.

मामा : आणि वकील म्हणून एक सांगतो. जे वाचशील ते तुला माहीत झालं असं धरलं जाईल. पॉक्सोच्या एकोणिसाव्या कलमाखाली, मुलाविरुद्धच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्या कुणालाही ती पोलिसांना द्यावी लागते. वर्गातल्या कुणी एखाद्या मुलीचा नको तो फोटो ग्रुपवर टाकला, तर तुझं ॲप त्याची प्रत तुझ्या खात्यात आणून ठेवेल. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं चित्र बाळगण्याबद्दल फार कडक निकाल दिलाय. तुझा हेतू चांगला होता, हे तुला समजावत बसावं लागेल.

आई : म्हणजे न बघणं सोयीचं, असंच ना?

मामा : नाही. बघितलंस तर त्याचं काय करणार हे आधी ठरव.

अशा ॲपच्या अहवालात रोज जे दिसते त्याचा मोठा भाग मात्र गुन्ह्याचा नसतोच. तो शरीराविषयीच्या चाचपडत्या प्रश्नांचा असतो, आणि बहुतेक आयांची झोप त्यानेच उडते. हे प्रश्न घरच्यांना कळू न देता विचारण्याची रीत इंटरनेटने आणलेली नाही. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाकडे १९२७ ते १९५३ या काळात वाचक असे प्रश्न पत्राने पाठवत आणि त्यांना छापील उत्तरे मिळत. त्यावरून कर्व्यांवर अश्लीलतेचे खटलेही झाले आणि १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. आज नववीतला मुलगा तोच प्रश्न शोधयंत्राला विचारतो. उत्तर देणारा कर्व्यांच्या तोलाचा असेलच असे नाही, आणि आईची खरी अडचण ही आहे.

आई : मग मी काय करू ते सांग. उपदेश पुरे.

मामा : सांगलीकडचं मोहित्यांचं वडगाव माहीत आहे ना? संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो, दीड तास सगळ्या गावाचे फोन आणि टीव्ही बंद.

आई : सगळ्या गावाचे. आपल्या घरात पोराला आठला फोन ठेवायला सांगतात आणि बाबा साडेनऊला पानावर बसून रील बघतात.

कडेगाव तालुक्यातल्या या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून हा नेम सुरू केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी ग्रामपंचायतीने निराळा मार्ग धरला आणि अठरा वर्षांखालच्यांना मोबाइल वापरण्यास बंदी केली. बंदीचा ठराव लहानांपुरता होता. भोंगा मोठ्यांसाठीही वाजत होता. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांची समाजमाध्यम खाती कायद्यानेच बंद केली, तेव्हा बांशीचा ठराव खेडवळ म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांना थोडे थांबावे लागले असेल.

खजिना विहिरीजवळच्या घरात यातले थोडेथोडे घेऊन काहीतरी जुळते. रात्री दहाला चारही फोन दिवाणखान्यात, पूर्वी टेलिफोन असे त्याच कोपऱ्यात, चार्जिंगला लागतील, वडिलांचाही. मुलाच्या फोनवर फॅमिली लिंक त्याच्यासमोर बसून टाकले जाईल आणि पुढच्या वाढदिवशी त्यातले एक बंधन काढले जाईल. कोणते, ते मुलाने सुचवायचे. लोकेशन चौघांचे चौघांना दिसेल. संदेश कोणी वाचणार नाही. जिवाचा धोका वाटला तर आई वाचेल, पण वाचल्यावर त्याला सांगेल. मामाला हे शेवटचे वाक्य फार सैल वाटते, कारण धोका कोणाला कधी वाटावा याला माप नसते. आईला ते फार घट्ट वाटते. ते तसेच राहते. लपलेले ॲप काढून टाकण्यावर मात्र दोघांचे एकमत होते. प्रश्न उरतो तो, दोन महिने ते फोनमध्ये होते हे मुलाला सांगायचे की नाही.

मामा : सांगावं लागेल, ताई. तुझ्या तोंडून कळलेलं बरं.

आई : सांगते. दहावीची परीक्षा तेवढी होऊ दे.

मामा : तो नववीत आहे.